साहेबांना लिहिलेलं गाव वाचतं

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला, पण आम्हा वार्ताहरांच्या हिशेबात दोन्ही जिल्हे एकच राहिले. वाघ तोच, धानाचे रखडलेले चुकारे तेच, पूर त्याच नद्यांचा. बातमी लिहायची, पाकिटात घालायची आणि नागपूरला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. ती छापून यायला दोन दिवस, आणि ज्या गावाची बातमी त्या गावात पेपर पोचायला आणखी एक. तोवर गावाने तो विषय सोडून दिलेला असायचा.

तेव्हा दोन वेगळ्या वाटा होत्या. वनरक्षक, ग्रामसेवक, गुरुजी, डॉक्टर वर साहेबांना अहवाल लिहायचे. ती एक वाट. आम्ही लोकांसाठी लिहायचो, ती दुसरी. एका वाटेवरचं दुसऱ्या वाटेवर यायचं ते कुणी तरी चहाच्या टपरीवर हळूच सांगितलं तर. मग फॅक्स आला, सायबर कॅफे आले, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, आणि दोन्ही वाटा एकाच पडद्यावर येऊन मिळाल्या. आता बातमी आधी गावाला कळते, मग मला, आणि साहेबांना बहुधा सर्वांत शेवटी. या उलटापालटीत नोकरदार माणसाने, व्यावसायिकाने आणि आमच्यासारख्या लिहिणाऱ्याने बोलावं कसं, याविषयी जे शिकलो ते टिपून ठेवतो आहे. क्रम महत्त्वाप्रमाणे नाही, आठवेल तसा आहे.

१. साहेबांना लिहिलेलं गाव वाचतं, हे धरूनच लिहा

वनखात्याच्या ग्रुपवर संदेश पडतो: ‘कक्ष क्रमांक अमुकमध्ये गस्तीदरम्यान वाघाचे ठसे आढळून आले. सबब योग्य ती खबरदारी घेण्यात यावी.’ हा संदेश आरएफओ, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी साहेबांसाठी असतो. त्याचा स्क्रीनशॉट चहा निवायच्या आत गावाच्या ग्रुपवर येतो. गावात कक्ष क्रमांक कुणाला ठाऊक? खबरदारी घेण्यात यावी म्हणजे कोणी घ्यावी, कशी घ्यावी? वाचणारा घाबरतो आणि कामालाही जातो. यापेक्षा वाईट परिणाम कुठल्या संदेशाचा होऊ शकत असेल असं मला वाटत नाही.

काही वनरक्षकांनी हे आपणहून ओळखलं. त्यांतल्या एकाचा संदेश मी जपून ठेवला आहे. मजकूर साधारण असा: ‘नाल्यावरून तलावाकडे जाणाऱ्या पांदणीवर वाघाचे ताजे ठसे. आज सकाळी साडेसहाला मी स्वतः पाहिले. उद्या दुपारपर्यंत त्या पांदणीने एकट्याने जाऊ नका, गुरं नाल्यापलीकडे सोडू नका. काही दिसलं तर मला फोन करा.’ खाली नाव आणि नंबर. यात कुठे, कधी, कोणी पाहिलं, काय करायचं आणि विचारायचं कोणाला, सगळं आलं. हाच मजकूर साहेबांनाही पुरतो. गावासाठी वेगळं आणि साहेबांसाठी वेगळं लिहायची गरजच उरत नाही. सरकारी मराठीची सवय मोडायला आपल्याकडे समित्या झाल्या, कोश झाले. पण आमच्याकडे ती सवय पहिल्यांदा मोडली ती वाघाने, हे माझं प्रामाणिक मत आहे.

२. निरोपाची वेळ जंगल ठरवतं

ऑफिस दहाला उघडतं. मोहफुलं मात्र पहाटे पडतात. मार्च-एप्रिलमध्ये अंधार असतानाच बाया टोपल्या घेऊन झाडाखाली पोचलेल्या असतात. मे महिन्यात तेंदूपानांसाठी उजाडायच्या आत घर सोडावं लागतं, कारण उन्हं चढायच्या आत पानं तोडून घरी आणायची, सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर न्यायचे. दिवाळीच्या आगेमागे धानकापणी. या प्रत्येक कामाला स्वतःचं घड्याळ आहे. सकाळी अकराला सुटलेला इशारा कितीही सुंदर लिहिलेला असो, तो वाचायला घरी फक्त म्हातारी माणसं असतात, आणि फोन पोराबरोबर गेलेला असतो.

१० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. त्या महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात असे मृत्यू होतच राहिले. फोनमुळे ते टळले असते असा दावा मी करणार नाही. पोटासाठी जंगलात जावंच लागतं, तिथे इशाऱ्याची ताकद फार नसते. पण त्यानंतर मी कुठल्याही अधिकाऱ्याशी बोलताना एक गोष्ट हटकून सांगतो: संदेश आदल्या दिवशी दिवे लागायच्या वेळी टाका. तेव्हा सगळे घरी असतात, उद्या कोणत्या बाजूने जायचं ते तेव्हाच ठरत असतं, आणि ओसरीवर कोणी तरी तो मोठ्याने वाचून दाखवतो.

३. ‘मेंढ्यात वाघ’ ही बातमी नव्हे

आमच्याकडे एका नावाची गावं ढिगाने आहेत. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा), सिंदेवाहीत मेंढा (माल). त्यात माल, चक, तुकूम, रीठ ही शेपटं. बाहेरच्या माणसाला ती क्षुल्लक वाटतात, पण नकाशावर त्यांच्यात कधी कधी शंभर किलोमीटर असतात. फोनवर बोटं चालवणारा माणूस नेमकी शेपटंच गाळतो. ‘मेंढ्यात वाघ’ एवढाच मजकूर आला की भलत्याच गावची शाळा लवकर सुटते. एकदा अशीच चौकशी करायला फोन लावला तर पलीकडून पोलीस पाटील शांतपणे म्हणाले, “भाऊ, तो वाघ आमच्याकडचा नोहे.” तालुका लिहा, शेपूट लिहा, तारीख लिहा. जुने उपसंपादक याच्यासाठी आमच्यावर ओरडायचे. आता ओरडणारं कोणी नाही, तर स्वतःवरच ओरडावं लागतं.

तारखेचं तर विचारूच नका. कर्नाटकातला, मध्य प्रदेशातला, पाच वर्षांपूर्वीचा व्हिडिओ दर हिवाळ्यात मूल-सावलीच्या रस्त्यावर उतरतो. आणि आता तर जे घडलंच नाही त्याचाही व्हिडिओ येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रह्मपुरीच्या वनविश्रामगृहाबाहेर खुर्चीवर बसलेल्या माणसावर वाघ झडप घालतो, असं सीसीटीव्हीच्या थाटातलं चित्रण देशभर फिरलं. ते कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं निघालं आणि वनविभागाला तसा खुलासा करावा लागला. त्या बनावटीत एक हुशारी होती. गाव असं निवडलं होतं की कोणालाही ते खरं वाटावं. ब्रह्मपुरीऐवजी बारामती लिहिलं असतं तर लोक हसले असते.

खुलाशाविषयी एक जोड. खोटं येतं तीस सेकंदांच्या व्हिडिओतून आणि खुलासा येतो लेटरहेडवरच्या पीडीएफमधून. ती पीडीएफ आम्ही पत्रकार उघडतो, गाव नाही उघडत. त्याच विश्रामगृहासमोर उभं राहून, त्याच कोनातून, गणवेशातल्या माणसाने चार वाक्यं बोलली तर ती पीडीएफपेक्षा कितीतरी लांब जातात.

४. टॉवर संपतो तिथून माणूस सुरू होतो

गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे, आणि दक्षिणेकडे एटापल्ली, भामरागड, सिरोंचाकडे सरकलं की फोनच्या काड्या एकेक करून कमी होतात. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की आलापल्लीकडचा रस्ता बंद, पाठोपाठ वीज बंद, वीज गेली की टॉवर बंद. म्हणजे संदेशाची गरज ज्या दिवशी सर्वांत जास्त, त्याच दिवशी तो पोचत नाही. जिल्हा मुख्यालयात बसून ‘सर्व गावांना व्हॉट्सॲपद्वारे सूचित केले’ असं लिहिणाऱ्याने हे वाक्य एकदा जुलैत भामरागडला उभं राहून वाचावं.

तिथे निरोप पुढे नेतात त्या आशाताई, कोतवाल, एसटीचा कंडक्टर आणि आठवडी बाजाराला येणारी माणसं. प्रत्येक गावात एखादी जागा असते, कुठला तरी टेकडीचा माथा नाहीतर रस्त्याचं वळण, जिथे रेंज येते. आशाताई दिवसातून एकदा तिथे जाते, सगळे संदेश उतरवून घेते आणि गावात येऊन तोंडी सांगते. ती सांगते माडियात, मराठीत नाही. म्हणून या भागात काम करणारे शहाणे डॉक्टर लांब मजकूर टाईप करत नाहीत. ते स्थानिक कार्यकर्तीकडून माडिया किंवा गोंडीत एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून घेतात. तो या फोनवरून त्या फोनवर, नेट नसतानाही, ब्लूटूथने जातो.

हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला तेव्हा फोनच नव्हता, तरी रुग्ण पलीकडच्या, आजच्या छत्तीसगडच्या बाजूने चालत यायचे. बरा होऊन गेलेला रुग्ण हाच निरोप होता. आज जंगलातल्या अशा संस्थांचं काम पुण्यातल्या देणगीदाराला फेसबुकवर त्याच संध्याकाळी दिसतं, आणि नदीपलीकडच्या गावाला मात्र अजून बाजाराच्या दिवशीच कळतं. याला कोणाचा दोष म्हणता येत नाही. पण ‘आपली पोच वाढली’ असं आपण म्हणतो तेव्हा ती कोणत्या दिशेने वाढली, एवढं तरी पाहावं.

५. ताडोब्याचा धंदा आणि ताडोब्याचा फोटो

मोहर्ली गेटवरच्या जिप्सीचालकाचं व्हॉट्सॲप स्टेटस हेच त्याचं दुकान. काल वाघीण दिसली, पिल्लं रस्त्यावर आली, आजची एक सीट शिल्लक. ‘माया’सारखी वाघीण देशभर माहीत झाली ती अभ्यासकांच्या निबंधांनी नव्हे, पर्यटकांच्या फोटोंनी, आणि त्यातून गावातल्या पोरांना गाईडचं, होम-स्टेचं काम मिळालं, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. पण जाहिरात आणि वाघाचा ठावठिकाणा यांत अंतर राहिलं नाही. ताडोबात सफारीवर मोबाईल नेण्यावर बंदी आली ती यातूनच. ३१ डिसेंबर २०२४ ला शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला पाच पिल्लांसह अडवलं. तो व्हिडिओ फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि चालक-गाईडांवर कारवाई झाली. पुरावा कुठून मिळाला? गाडीतल्याच फोनवरून. स्टेटस टाकणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगतो, कालचा वाघ परवा दाखवा. गिऱ्हाईक तरीही येतं.

६. अ‍ॅडमिन

थोडक्यात सांगतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच चॅटनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मार्च २०२१ मध्ये आमच्या शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने सांगितलं, की सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून केवळ अ‍ॅडमिन आहे एवढ्यावरून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. कायद्याने हे बरोबर आहे. गावाचा हिशेब वेगळा आहे. ग्रुप काढणारा शिक्षक असेल तर लोक प्रत्येक संदेश ‘गुरुजींच्या ग्रुपवर आलंय’ म्हणून पुढे पाठवतात. ग्रुप काढला की नाव खर्ची पडतं, मग तुम्ही लिहा अथवा न लिहा.

७. वडशाकडून शिकावं

व्यवसायाचं बोलणं या माध्यमांमुळे कसं बदललं ते बघायचं असेल तर कॉर्पोरेट कार्यालयांत जाऊ नका, देसाईगंज म्हणजे वडशाला या. दिवाळी ते होळी झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम. नाटक कंपन्यांची कार्यालयं वडशाच्या बाजारात ओळीने. गावोगावची मंडळं येतात, तारीख ठरते, कलाकारांच्या नावांवरून घासाघीस होते. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या रात्री नाटक ही जुनी सांगड. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली तेव्हा आनंद फक्त बैलवाल्यांना झाला नव्हता. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि उजाडायच्या सुमाराला पडतो. गावातल्या लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, धानाचा पैसा फिरतो. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या पेपरांना या रंगभूमीची जाग आली. इथे अशा जागं होण्याची गरज कधीच नव्हती.

पूर्वी कंपनीचा सगळा कारभार व्यवस्थापकाच्या डायरीत असायचा. तारीख एकाला दिली की ती डायरीत, आणि डायरी बगलेत. मंडळाला कलाकार माहीत असायचा तो पोस्टरवरच्या फोटोवरून, आणि ते पोस्टरही अनेकदा दहा वर्षांपूर्वीच्या चेहऱ्याचं. आता मंडळाची पोरं कार्यालयात यायच्या आधी नायिकेचे रील पाहून आलेली असतात. “हे गाणं ह्या प्रयोगात हाय का?” असं थेट विचारतात. पोस्टर छापखान्यातून यायच्या आधी फोनवर फिरतं. आगाऊ रक्कम स्कॅन करून येते. कुठल्या रात्री माईक बंद पडला, मुख्य नट उशिरा आला, हे पुढच्या गावाला सकाळीच कळतं. पूर्वी ही समीक्षा पोचायला हंगाम संपायचा.

यात कंपन्या दोन गोष्टी फार लवकर शिकल्या, आमच्या सरकारी खात्यांच्या आधी. पहिली, तक्रार पोस्टखाली जाहीरपणे लिहिली गेली तर उत्तरही तिथेच द्यायचं, फोन करून मिटवायचं नाही. फोनवर मिटलेली गोष्ट बाकीच्या चारशे जणांसाठी मिटलेली नसते. दुसरी, किती दाखवायचं आणि कुठे थांबायचं. एखादा प्रेक्षक पुढच्या रांगेत बसून आख्खं नाटक चित्रित करतो आणि यूट्यूबवर टाकतो. मग पुढच्या गावचं तिकीट कोण काढणार? आता तिसऱ्या घंटेच्या आधी निवेदक हात जोडून सांगतो: गाणं घ्या, आमचं नाव लिहून टाका, पण तिसऱ्या अंकाचा शेवट घेऊ नका. लोक ऐकतात. पाटी लावून ऐकलं नसतं.

८. ग्रुप म्हणजे ग्रामसभा नव्हे

मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो, आणि त्याआधी अभ्यासगट बसतो. देवाजी तोफांच्या त्या गावाची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे, मी पुन्हा सांगत नाही. मला सांगायचं आहे ते त्याच्या उलट टोकाचं. हल्ली तेंदूच्या हंगामाआधी ग्रामसभांच्या ग्रुपवर ठेकेदारांचे दर येतात. हे चांगलंच. शेजारच्या ग्रामसभेला काय दर मिळाला हे कळल्यावर ठेकेदाराला दोन गावांत दोन भाव सांगता येत नाहीत. कोरचीत ग्रामसभांनी महाग्रामसभा बांधली, त्यामागेही हीच एकमेकांना माहिती देण्याची गरज होती. पण दराच्या संदेशाखाली उमटलेले अंगठे मोजून ‘गावाची मान्यता आहे’ असं कोणी म्हणायला लागलं की मी सावध होतो. कागदावर अंगठे उठवून घेऊन या भागातल्या जमिनी कशा गेल्या ते आमच्या आज्यांना आठवतं. शिवाय ग्रुपवर फोन असलेली माणसं असतात. पानं तोडणाऱ्या बायांपैकी किती जणींकडे स्वतःचा फोन आहे?

९. निळ्या टिका म्हणजे पोच नव्हे

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी नियम काढले. खाजगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, गणवेश, सरकारी गाडी, बोधचिन्ह वापरून रील करू नका, वगैरे. गणवेशात रील करणाऱ्यांना आळा बसला तर मला आनंदच आहे. पण पहिल्या मुद्द्यातला तो पांदणीवरचा संदेश वनरक्षकाने स्वतःच्या खाजगी नंबरवरूनच टाकला होता, आणि तो उपयोगी पडला तो त्याचं नाव व नंबर खाली होता म्हणूनच. नियम लावणाऱ्या साहेबांनी हा फरक हाताळताना डोकं वापरावं, एवढी अपेक्षा.

नव्या पिढीच्या वार्ताहरांना आणि गावातल्या पोरांना मी सर्वांत जास्त वेळा सांगतो ते वेगळंच आहे. वाघाने बैल मारला की आता घरचा मुलगा फोटो काढून वनरक्षकाला पाठवतो, दोन निळ्या टिका आल्या की निश्चिंत होतो. नुकसानभरपाई त्या टिकांवर मिळत नाही. मुदतीत कळवल्याची नोंद, पंचनामा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, बँकेचं पासबुक, हे सगळं कागदावर लागतं, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि सही लागते. फोन फुटतो, वनरक्षकाची बदली होते, ग्रुप बंद होतो. फोटो जरूर पाठवा, त्याने पंचनाम्याला माणूस लवकर येतो. त्यात शेत, झाड, बांध असं काही तरी ओळखू येईल असं घ्या, नुसत्या जखमेचा फोटो कुठल्याही बैलाचा असू शकतो. आणि त्याच दिवशी दोन प्रती घेऊन क्षेत्र कार्यालयात जा. साहेब दौऱ्यावर असले तरी आवक लिपिक पोच देतो. देत नसेल तर तिथेच उभं राहून मला फोन करा.